पाय पोचले की या

फटफटीवाल्या काकूंना सगळी गल्ली टरकून असे, आणि त्यात गल्लीचं काही चुकत नव्हतं. बाई काही धिप्पाड नव्हत्या, आवाजही मोठा नव्हता. पण सकाळी मोटारसायकल बाहेर काढून स्टँडवर लावली, की त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या, आणि पोराला घेऊन आलेल्या आईबापाला उगाचच आपलं काहीतरी राहून गेलंय असं वाटायला लागायचं. बहुतेक वेळा राहिलेलंच असायचं. बुटाची नाडी सुटलेली, दप्तराचा बंद लोंबत असलेला, स्कार्फचं टोक मागच्या चाकाकडे निघालेलं. काकू तोंडाने काही न बोलता बोट दाखवायच्या आणि बाप मुकाट्याने खाली बसून नाडी बांधायचा.

काम म्हणाल तर साधंच. सकाळी गल्लीतली पोरं शाळेत सोडायची, एका खेपेला एकच पोर. मग दिवसभर दवाखान्यात जाणारी, बँकेत जाणारी म्हातारी माणसं. दुपारी पुन्हा पोरं. एका खेपेला एकच का, म्हणून कुणी विचारलं की काकू म्हणायच्या, "सीट एकाची आहे. दुसऱ्याला काय खांद्यावर घेऊ?"

नाहीतर बाकीचे लोक बघा. बाप चालवतोय, टाकीवर एक कार्टं, मध्ये एक, मागे आई, आईच्या मांडीवर आणखी एक, आणि हेल्मेट कुठे? तर आरशाला टांगलेलं. आरशाचं डोकं फुटायला नको ना. असल्या लोकांकडे काकू बघायच्या ते डोळ्यांनी नव्हे, भुवयांनी. शेजारून जाणारा बाप पुढचं वळण येईपर्यंत मान खाली घालून गाडी चालवायचा.

काकूंचे नियम ठरलेले. हेल्मेट घातलं की त्या ते दोन्ही हातांनी धरून हलवायच्या. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली तर माप बरोबर, नाहीतर दुसरं हेल्मेट. मग पट्टा. तो त्यांच्या नवऱ्याने शिवलेला. नवरा शिंपी, दिवसभर पुढच्या खोलीत मशीनवर बसून पायाने ताल धरलेला. रुंद, जाड पट्टा, एक वेढा काकूंच्या कमरेला, दुसरा पोराच्या पाठीमागून, आणि धरायला दोन्ही बाजूंनी दोन कान. आणि शेवटचा नियम, ज्यावर भल्याभल्यांचं घोडं अडायचं, तो पायांचा. पोर सीटवर नीट मागे सरकून बसलं, की त्याचे दोन्ही तळवे फुटरेस्टवर सपाट टेकले पाहिजेत. नुसती बोटं टेकून चालणार नाही. पाय लोंबकळणारं पोर म्हणजे सीटवर ठेवलेलं गाठोडं, खड्डा आला की उडणार, असं त्यांचं म्हणणं.

ज्याचे टेकत नसत त्याला काकू खाली उतरवायच्या आणि आईबापाला सांगायच्या, "पाय पोचले की या." एवढंच. मग तुम्ही कितीही मिनत्या करा, ओळखी काढा. भिंतीशी बोलल्यासारखं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग एके दिवशी शाळेच्या फाटकाशी पट्टा सोडताना पुढचे दात पडलेला एक मुलगा त्यांना म्हणाला, "काकू, मागच्याला सांगा ना, इतकं घट्ट धरू नको म्हणून."

"कोण मागचा?"

"तो बसतो ना माझ्या मागे."

"तुझ्या मागे वारा बसतो. पळ आत, घंटा होईल."

पोर पळालं. काकूंनी मनावर घेतलं नाही. पोरं काय, डोक्यात काहीही शिजत असतं त्यांच्या. पण पुढच्याच आठवड्यात दोन वेण्यांची मुलगी त्यांच्या पाठीला अशी काही चिकटून बसली की त्यांना हँडल वळवताना कोपर हलवता येईना. "जरा मागे सरक की गं," त्या हेल्मेटातून ओरडल्या. "सरकले असते," मुलगी म्हणाली, "पण मग तो पडेल."

काकूंनी गाडी बाजूला घेतली आणि मागे वळून बघितलं. मुलीच्या मागे रिकामी सीट होती, वीतभर. मुलगी शांतपणे त्यांच्याकडे बघत होती, घाबरलेली वगैरे नव्हती.

दुपारी चहा पिताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने दोरा दाताने तोडला आणि म्हणाला, "तुझ्या मागे बसायची कुणाची छाती आहे? मी स्वतः लग्नानंतर दोनदाच बसलोय."

"अहो, थट्टा नको. शाळेत पोरांनी काहीतरी खूळ काढलंय. एकाने सांगितलं की सगळ्यांना दिसतं."

"मग झालं तर. खूळ आहे, जाईल."

तेही पटण्यासारखं होतं. पटलंही असतं. पण गल्लीच्या टोकाला एक आजी राहायची, पायाच्या जखमेला पट्टी बदलायला काकूंबरोबर दवाखान्यात जायची. तिचा आणि शाळेतल्या पोरांचा काही संबंध नव्हता, घराबाहेर पडायची तीच मुळी काकूंच्या गाडीवरून. ती दवाखान्याच्या पायरीशी उतरली, काठी सावरली आणि म्हणाली, "बाई, त्या लेकराला काहीतरी अंगात घाल गं. हात किती गार त्याचे. माझ्या खांद्याला अजून गारवा लागतोय."

काकूंनी विचारलं नाही कोणतं लेकरू म्हणून. त्यांनी आजीचा हात धरून तिला आत नेऊन बसवलं आणि बाहेर येऊन बराच वेळ गाडीपासून चार पावलं लांब उभ्या राहिल्या. भर दुपार, माणसांची ये-जा, आणि आपल्याच गाडीला हात लावायला त्यांचं मन धजेना. मग स्वतःचाच राग आला त्यांना आणि त्या किक मारून निघाल्या.

खरं संकट भलतीकडूनच यायचं होतं. शाळेचा वॉचमन एका सकाळी पुढे आला आणि चारचौघांत म्हणाला, "काकू, तुम्हीसुद्धा आता ट्रिपल सीट?"

"काय म्हणालात?"

"लांबून बघितलं मी. तुम्ही, मध्ये हा, आणि मागे एक बारकं. वळणावर कुठे उतरवलंत त्याला? माझ्यापासून काय लपवायचं, आपण काय पोलीस आहोत?"

काकूंचा राग नाकाच्या शेंड्यावर. त्या दिवशी त्यांनी वॉचमनला असं झापलं की तो टोपी काढून डोकं खाजवत राहिला. पण घरी येईपर्यंत राग विरून गेला आणि काळजी लागली. त्यांचं सगळं चालत होतं ते नावावर. काकू कधी दोघांना बसवत नाहीत, हे नाव. ते गेलं की उरलं काय, एक जुनी मोटारसायकल आणि एक पट्टा.

त्या थेट मेकॅनिककडे गेल्या. हा मेकॅनिक त्यांच्या भावासारखा, गाडीच्या प्रत्येक नटाला ओळखणारा. त्याने मागच्या शॉकअपला हात लावला आणि तो चुकचुकला. "ताई, जास्त वजन नेता का हल्ली? दबलंय पार."

"मी? जास्त वजन?"

"बरं बरं. बसा बघू एकट्या."

काकू बसल्या. गाडीची मागची बाजू नेहमीसारखी खाली गेली. मेकॅनिक वाकून बघत होता. मग, काकू अजिबात हललेल्या नसताना, ती आणखी थोडी खाली गेली. हलकेच. कुणीतरी बेताने चढून बसावं तशी.

मेकॅनिक वाकलेला तसाच राहिला. मग सरळ झाला, फडक्याला हात पुसत बसला, पुसायला काही नव्हतं तरी. "स्प्रिंग जुनी झाली असेल," तो म्हणाला. त्याने नवी टाकली. पुन्हा तेच झालं. जाताना काकू एवढंच म्हणाल्या, "मागे सामानाचा डबा बसवून दे. लोखंडी. सीटच्या टोकाला, अगदी घट्ट. वीतभरसुद्धा जागा राहायला नको."

डबा बसला. पोरं गप्प झाली. खूळ गेलं, असं काकूंनी नवऱ्याला सांगितलं, आणि सांगताना आपलाच आवाज त्यांना जरा मोठा वाटला. कारण पोरं गप्प झाली होती ती नाराज असल्यासारखी. उतरताना नीट बोलत नव्हती. दातपडक्या तर एकदा डब्याकडे बघून म्हणाला, "आता तो कुठे बसणार?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेला.

याच दिवसांत ती चिमुकली आली.

खरं तर ती दुसऱ्यांदा आली. पहिल्यांदा आली होती ती डब्याच्या आधी. तिची आई बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती, कामावर शाळेच्या आधी हजर व्हावं लागे. काकूंनी पोरीला सीटवर बसवलं, पाय बघितले. चांगले चार बोटं वर. "पाय पोचले की या," काकू म्हणाल्या.

"तोवर हिचा काका नेतो हो स्कूटरवरून," आई म्हणाली होती. "पुढे उभी करतो. एका हाताने फोनवर बोलत असतो. माझं कामात लक्ष लागत नाही."

"ते मला सांगू नका," काकू म्हणाल्या होत्या. "माझ्या गाडीवर माझा नियम."

आता ती पुन्हा आली होती, पोरीला शाळेचे काळे बूट घालून. काकूंनी बसवलं. तळवे टेकले. दोन्ही, सपाट. काकूंना नवल वाटलं. "या वयात झपकन वाढतात पोरं," आई म्हणाली आणि रस्त्याकडे बघायला लागली. काकूंनी हेल्मेट हलवून बघितलं, पट्टा लावला, आणि घेतली पोरगी.

चिमुकली गोड होती. बडबड नाही, रडारड नाही. पट्ट्याचे कान दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायची. शाळेच्या वाटेवर एक जुनं गोदाम लागे, त्याची लांबच लांब भिंत, त्या भिंतीच्या सावलीत गाडी शिरली की मात्र काकूंना काहीतरी खटकायचं. गाडी मागून ओढल्यासारखी चालायची. एका बाजूने, खालून. चाकात हवा कमी असेल म्हणून त्यांनी दोनदा उतरून टायर दाबून बघितला. टायर टणक होता.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी फाटकाशी पट्टा सोडताना चिमुकली म्हणाली, "काकू, तो डबा काढा ना."

"का गं?"

"त्याला बसता येत नाही. म्हणून तो खाली बसतो. माझे पाय धरून."

काकूंचा हात बकलवर थांबला. "कुठे खाली?"

पोरीने बोट दाखवलं. फुटरेस्टच्या खाली, मागे, जिथे चेन फिरते आणि चाकाच्या तारा फिरतात तिथे.

"तो काय म्हणाला माहितेय?" चिमुकली कुजबुजली, गुपित सांगतात तशी. "म्हणाला, तुझेपण पाय पोचत नाहीत. मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही. माझे पोचत नव्हते तर काकूंनी मला घेतलं नाही."

काकू गुडघ्यावर बसल्या. त्यांनी पोरीचा बूट हातात घेतला आणि तळवा अंगठ्याने दाबला. रबराचे थर होते, एकावर एक चिकटवलेले, कडेने काळा रंग दिलेला. चांभाराने काम सफाईचं केलं होतं. बाहेरचा थर एका कडेने सुटायला लागला होता, आणि सुटलेली कड मागे, चाकाकडे वळली होती. आणखी दोन-चार दिवस, आणि ती तारांत गेली असती. बुटाबरोबर पाय गेला असता.

पण काकू बघत होत्या ते दुसरंच. पोरीच्या पांढऱ्या मोज्यांवर, घोट्याच्या जरा वर, चेनच्या तेलाचे डाग होते. दोन्ही पायांना. बोटांचे डाग, पाचही स्वच्छ उमटलेले. काकूंनी चिमुकलीचा पंजा धरून एका डागावर ठेवून बघितला. तिची बोटं डागापेक्षा लांब होती. ज्याने धरलं होतं त्याचा हात तिच्याहून लहान होता.

"घाबरलीस का गं?" काकूंनी विचारलं.

"नाही. तो पाय वर उचलून धरतो," पोरगी म्हणाली आणि शाळेत गेली.

संध्याकाळी आई आली, तेव्हा काकूंनी बूट उलटा करून तिच्या समोर धरला. आई खाली बसली ती बसलीच. "चूक माझी आहे," ती म्हणाली, "मारा मला. पण पुढचं तुम्हीच सांगा. उद्यापासून परत त्या स्कूटरवर उभी करू?" काकूंनी तोंड उघडलं. ते ठरलेलं वाक्य जिभेवर आलंच होतं. त्यांनी ते गिळलं. शेवटी मशीनवरून नवराच बोलला, "दोन-चार दिवस मी पायी सोडीन हो तिला. मलाही जरा मोकळी हवा."

त्या रात्री काकू आठवत बसल्या. नाही म्हणून परत पाठवलेली पोरं काही कमी नव्हती. पण जवळजवळ सगळी पुढच्या वर्षी आलीच होती, पाय लांब करून, मिरवत. न आलेलं कोण? आणि मग तो आठवला. रंगाऱ्याचा मुलगा. बाप दुकानांच्या पाट्या रंगवणारा, कपड्यांवर सगळे रंग. मुलगा रडला नव्हता. खाली उतरून वाकला होता, आपल्या टाचेच्या जागेपासून फुटरेस्टपर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं होतं, आणि बोटं तशीच धरून काकूंना दाखवली होती. "एवढंच राहिलंय." काकू हसल्या होत्या. म्हणाल्या होत्या, "तेवढा वाढ आणि ये."

तो आला नाही. आणि का आला नाही, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. सकाळी एवढी पोरं, एवढ्या खेपा, त्यात कुठे लक्षात राहणार. असं त्या स्वतःला सांगत होत्या आणि ते स्वतःलाच पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या चालत गेल्या. रंगारी शाळेच्या रस्त्यावरच सापडला, गोदामाच्या भिंतीसमोर, शिडीवर चढून एका दुकानाची पाटी रंगवत. काकूंना बघून तो सावकाश खाली उतरला आणि ब्रश डब्याच्या काठाला निपटत उभा राहिला.

"तुमचा मुलगा..." काकूंनी सुरुवात केली.

"आता पोचले असते त्याचे पाय," रंगारी म्हणाला.

मग त्याने सांगितलं. शांतपणे, पाटीवरची अक्षरं वाचून दाखवावीत तसं. मुलगा रोज सकाळी उठला की पलंगाच्या काठावर बसायचा आणि पाय जमिनीला टेकतात का बघायचा. टेकले की काकू नेणार, हे त्याने धरलेलं. तोवर शाळेत सोडायला बापच, आपल्या गाडीच्या टाकीवर बसवून. लांब काय, दहा मिनिटांचा रस्ता. याच भिंतीशी समोरून एक टेम्पो आडवा आला आणि बापाने ब्रेक दाबला. बापाला खरचटलंसुद्धा नाही. टाकीवर बसलेल्या पोराला धरायला काही नसतं, त्याचं सगळं अंग हँडलवर जातं.

"तुम्ही बरोबर होतात," रंगारी म्हणाला. "पाय पोचल्याशिवाय बसवू नये. मी बसवलं."

काकूंना हे ऐकवेना. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"का विचारलंत आज?" त्याने विचारलं.

काय सांगायचं? बापाला असलं काही सांगायचं का? काकू नुसत्याच मान हलवत राहिल्या. तेव्हा रंगारी त्यांच्याकडे जरा चमत्कारिकच नजरेने बघायला लागला.

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल," तो म्हणाला. "मी रोज या वेळेला याच बाजूचं काम घेतो. शिडीवरून नीट दिसतं. तुमच्या मागे पोर, पोराच्या मागे माझा. म्हणूनच तुम्ही या भिंतीशी एवढी हळू घेता, असं समजून चाललो होतो मी." तो थांबला. "हल्ली तो खाली लोंबकळतो. चाकाजवळ. ते मला बघवत नाही. त्याला वर घ्या एवढंच सांगायचं होतं, पण तुमच्याशी बोलायची हिंमत होत नव्हती."

काकू तिथून ज्या निघाल्या त्या थेट मेकॅनिककडे. "डबा काढ," त्या म्हणाल्या. "आणि ऐक. मागचे फुटरेस्ट वर घेता येतील? लहान पोराचे पाय टेकतील इतके वर? मोठं माणूस बसलं की पुन्हा खाली करता येतील असे?"

"येतील की," मेकॅनिक म्हणाला. "दोन लोखंडी पट्ट्या, थोडे बोल्ट. तासाभराचं काम. आधी का नाही सांगितलंत, ताई?"

काकू त्याच्या स्टुलावर बसल्या. आधी का नाही. इतकी वर्षं त्या पोरांना वाढून या म्हणत आल्या, आणि लोखंड वर करता येतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. नियम बरोबर होता, शंभर टक्के बरोबर होता. पाय टेकलेच पाहिजेत. पण टेकवायचे कुणी, हे त्यांनी पोरांवर ढकललं होतं. त्या हुंदके देऊन रडल्या. मेकॅनिक बिचारा पाना हातात घेऊन उभा, त्याला वाटलं, खर्चाचं काही असेल.

नवऱ्याने पट्टा आत घेतला. "कुणाच्या मापाचा करू?" त्याने विचारलं. काकूंनी हात धरून माप दाखवलं. नवऱ्याने ते बघितलं. चिमुकलीपेक्षा बारीक होतं. त्याने बायकोच्या तोंडाकडे बघितलं, थट्टा करायला उघडलेलं तोंड मिटलं, आणि वाढवता येईल अशी जास्तीची पट्टी आत दुमडून शिवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, एकही पोर यायच्या आधी, काकूंनी गाडी बाहेर काढून स्टँडवर लावली. गल्ली नुकती जागी होत होती. नवरा दारात उभा होता. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, नेहमीसारख्या.

"चल," त्या रिकाम्या सीटला म्हणाल्या. "बस नीट. मागे सरक."

काही झालं नाही. नवरा खाकरला. मग गाडीची मागची बाजू हलकेच खाली गेली.

काकूंनी सगळं केलं, एकही गोष्ट न सोडता. छोटं हेल्मेट सीटवर धरलं. ते त्यांच्या हातातून निसटून पडलं नाही, जिथे धरलं तिथे राहिलं, आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी हलवलं. माप बरोबर होतं. त्या पुढे बसल्या, पट्टा मागून फिरवून घेतला आणि बकल लावलं. पट्टा लोंबला नाही. पोटाशी ताणून बसला, आत कुणीतरी असल्यासारखा फुगीर. दारातून नवरा एक पाऊल मागे सरकला.

"पाय?" काकूंनी विचारलं. मागे न बघता.

टक्. मग जरा वेळाने, दुसऱ्या बाजूला, टक्. नव्या लोखंडावर बुटांचे तळवे टेकल्याचा आवाज. सपाट.

त्यांनी किक मारली.

गोदामाच्या भिंतीशी त्यांनी गाडी अगदी बैलगाडीसारखी नेली. खांद्यांवर दोन गार पंजे होते. सावलीत शिरताना ते घट्ट झाले, इतके की काकूंना हाडापर्यंत गारठा गेला, आणि त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. "मी आहे," त्या म्हणाल्या. "हळूच घेतेय बघ." शिडीवर रंगारी होता. त्याने काम थांबवलं होतं. हातातल्या ब्रशवरून रंग पाटीवर ओघळत होता आणि त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. भिंत संपली. ऊन आलं. पंजे सैल झाले, आणि मग नुसते ठेवल्यासारखे राहिले.

फाटकाशी काकूंनी गाडी थांबवली, बकल काढलं. पट्टा एकदम ढिला पडून सीटवर लोळला. हेल्मेट कलंडलं ते त्यांनी अलगद धरलं. मागची स्प्रिंग वर आली. पोर फाटकाच्या आत जाईपर्यंत हलायचं नाही, हा त्यांचा आणखी एक नियम. त्या हलल्या नाहीत. रिकाम्या फाटकाकडे बघत उभ्या राहिल्या, एखादं बारकं पोर रेंगाळत, मागे बघत आत जायला जेवढा वेळ घेतं तेवढा वेळ.

वॉचमन स्टुलावरून उठून आला. मागच्या वेळची बोलणी लक्षात असावीत, जपून बोलला. "काकू, आज एवढ्या लवकर? कुणाला सोडलंत? मला तर कुणी दिसलं नाही."

"त्याचा पहिला दिवस आहे," काकू म्हणाल्या. "उशीर नको म्हणून लवकर आणलं."

वॉचमनने फाटकाकडे बघितलं, मग काकूंच्या तोंडाकडे. त्याने टोपी काढली.

"शाळा सुटल्यावर न्यायला मीच येणार," काकूंनी त्याला बजावलं. "मी येईपर्यंत पोराला बाहेर एकटं सोडू नका. दुसऱ्या कुणाच्या गाडीवर तर अजिबात नाही."

"बरं," वॉचमन म्हणाला.

काकूंनी छोटं हेल्मेट कोपरात अडकवलं, गाडी वळवली आणि चिमुकलीला आणायला निघाल्या.